आयपॉड क्लासिक : ‘गाणी ०’ या कोड्याचा अखेर उलगडा

मागच्या नोंदीत २००७ च्या आयपॉड क्लासिकमधली ८० जीबीची हार्ड डिस्क काढून १२८ जीबीचे एसडी कार्ड बसवल्याचे कळवताना, ‘आता फक्त गाणी भरायची राहिली’ असे मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. त्या ‘फक्त’ने माझे सतरा दिवस खाल्ले.

आयपॉडमध्ये गाणी भरणाऱ्या जीटीकेपॉड या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरने सगळ्या फायली बिनतक्रार चढवल्या. लिनक्सवर यादी पूर्ण दिसे, आयपॉडवरची गाणी संगणकावरून वाजतही असत; केबल काढली, की आयपॉडच्या पडद्यावर मात्र ‘गाणी ०’, आणि मोकळी जागा बरोबर तेवढीच घटलेली. साहजिकच पहिला संशय हार्ड डिस्कच्या जागी कार्ड जोडणाऱ्या ॲडॉप्टरवर गेला आणि त्यापायी मी ते पोलादी कवच दोनदा उघडले. (प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. रंगाऱ्याकडची पातळ पत्र्याची पट्टीच कामाची. तरीही माझी एक क्लिप वाकलीच.) ॲडॉप्टर निर्दोष होता.

चूक माझीच निघाली. आयपॉड फोल्डर धुंडाळून गाणी शोधत नाही. एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत चार अक्षरी निरर्थक नावांनी ठेवलेल्या फायलींचा पत्ता त्याला केवळ ‘आयट्यून्सडीबी’ या बायनरी फायलीतून मिळतो, आणि क्लासिकपासून पुढे त्या फायलीत त्या-त्या यंत्राच्या फायरवायर क्रमांकावरून (प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढलेला चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, असावा लागतो. तो जुळला नाही, तर आयपॉड चकार शब्द काढत नाही; गाणी नाहीतच असे धरून चालतो. संगणकावरचे सॉफ्टवेअर ही पडताळणी करत नसल्यामुळे तिथे सारे आलबेल दिसते. हा क्रमांक जीटीकेपॉड ‘डिव्हाइस’ फोल्डरातल्या ‘सिसइन्फो’ फायलीतून उचलतो. कार्ड फॉरमॅट केल्यावर ते फोल्डर रिकामे झाले, म्हणून मी मामेभावाच्या तशाच आयपॉडमधून ते जसेच्या तसे आणून ठेवले होते. यंत्रे एकाच वर्षाची असली, तरी सातबारा प्रत्येकाचा वेगळा!

परवा रात्री यूएसबीला जोडलेली यंत्रे दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या लिनक्स आज्ञेने दाखवलेला सोळा अक्षरांचा अनुक्रमांक, म्हणजे हाच क्रमांक, ‘सिसइन्फो’ फायलीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, तेव्हा सुरुवात सारखी आणि शेवटची पाच अक्षरे निराळी दिसली. ती दुरुस्त केली, एका गाण्याचे नाव किंचित बदलून यादी नव्याने लिहायला लावली आणि रीतसर इजेक्ट करून केबल काढली. ‘गाणी ३,८१२’ ही अक्षरे पाहून मी घरातल्यांना उठवले. कौतुक कोणी केले नाही.

आता आयपॉडच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारे रॉकबॉक्स टाकून या यादीच्या कटकटीतून कायमचे सुटावे, कारण ते साधी फोल्डरे वाचते, असा या नोंदीचा शेवट मी योजला होता. परंतु काल सांगलीहून मिरजेला जाताना किराणा घराण्याचा एक विलंबित ख्याल लावला आणि मिरज आले तरी बंदिश मध्यावरच होती. अशा लांबलचक गाण्यांसाठी सोय आहे: जीटीकेपॉडमध्ये प्रत्येक ध्वनिफितीसाठी ‘थांबल्या जागेपासून पुढे वाजवणे’ आणि ‘शफलमध्ये वगळणे’ या दोन खुणा करता येतात. कॅसेटवरून उतरवलेल्या सगळ्या मैफलींना त्या लावून पाहतो; तोवर रॉकबॉक्स लांबणीवर. कव्हरचित्रे अजूनही चुकीच्या अल्बमला चिकटत आहेत, आणि आधी तेच निस्तरायचे आहे.