तोच भात, तीच वाटी

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आलं. मी अठ्ठावीस वर्षांची, वजन ५१ किलो. आईची खात्री होती की रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. तिने दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला लावलं. ६.० आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे मला बाबांमुळे पाठ आहे. त्यांना सोळा वर्षं झाली.

"तू तर काडी, तुला कशाला हवाय व्यायाम?" हे ऐकतच मी मोठी झाले, आणि मलाही ते पटलेलं होतं. सकाळी सहकारनगरहून कंपनीची बस, हिंजवडीत नऊ तास खुर्ची, येताना ट्रॅफिकमध्ये परत बसूनच. मग जेवण, मोबाइल, झोप.

बाबांनी उपदेश केला नाही, स्वतःचा ग्लुकोमीटर काढला. एका रात्री वरणभात जेवून मी सोफ्यावर बसले. तासाभराने त्यांनी माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. १७४. दुसऱ्या रात्री तोच भात, आईने त्याच वाटीने मापून वाढलेला. हात धुतल्या धुतल्या बाबा मला अर्धा तास कॉलनीत चालवून आले. त्याच वेळी पुन्हा बोट टोचलं. १३९. बाबांनी दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले, दुधाच्या हिशेबाशेजारी.

स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसलं तरीही. माझ्या अंगावर स्नायूच कमी, मग साखर जाणार कुठे? वजनकाट्यावर हे दिसत नाही. माझ्या वयाच्या सगळ्या बारीक मुलामुलींना मला हेच सांगायचंय. कृपा करून एकदा तपासून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. रात्रीचं अर्धा तास चालणं पाच दिवस केलं की १५० झाली. ताकदीसाठी उठाबशा आणि पाच किलोची डंबेल्स. शनिवारी पर्वती. १०३ पायऱ्या, पहिल्यांदा मी तीनदा कठड्याला टेकले होते, छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. आता न थांबता दोनदा चढते. हाडांची भर साधारण तिशीपर्यंतच पडते असं वाचल्यापासून डंबेल्स चुकवत नाही. माझ्याकडे दोनच वर्षं उरलीत.

फेब्रुवारीत ५.८ आलं. उंबरठा अजून ओलांडायचाय, मागच्या बाजूला.

आज धो धो पाऊस. म्हणून जेवून जिन्याच्या फेऱ्या घातल्या, चार मजले. बाबांचे गुडघे दुखतात, ते खाली लेटरबॉक्सपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी खाली आले की मोठ्याने आकडा सांगायचे. "सहा झाल्या गं. अजून दोन."