तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या पुस्तकात गोरं-काळं कशाला?

शाळेत कविता वाचून झाल्या की एखाद्या बाई मला बाजूला घेऊन हळूच विचारतात. आमच्या बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, कार्यक्रमात तर हळूसुद्धा विचारत नाहीत. "लिहिता छान हो, पण मुलांच्या पुस्तकात हे आपल्यातलंच गोरा इस्रायल, काळा इस्रायल कशाला? सणावाराचं सांगा, नवगावच्या जहाजाचं सांगा." इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदा उत्तर देते.

जहाजाचं मी सांगितलंय. माझ्या पहिल्या पुस्तकात दुसरं काही नव्हतंच. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेली सात जोडपी, ज्यांच्यापासून आमचा समाज झाला म्हणतात ती, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, नव्याचा सण, खिरीचा सण. 'जहाज फुटलं नवगावला, सात जोड्या लागल्या काठाला' हे मुलं टाळ्या वाजवत म्हणतात, आणि मला ते अजूनही आवडतं.

रंगावरून त्या पुस्तकाच्या वेळीही भांडण झालंच होतं. चित्रकारानं सातही जोडपी गोरीपान, भुऱ्या केसांची काढली होती. म्हणाला, "ज्यू असेच असतात ना?" मी त्याला पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादातली, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायच्या पोथीतली, चित्रं दाखवली. पेसाहच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगड्यातल्या बायका. आमच्या आज्या-पणज्या. त्यानं सगळी चित्रं पुन्हा काढली, आणि मला वाटलं, झालं, रंगाचा प्रश्न मी सोडवला.

कारण तेव्हा माझ्या लेखी रंगाचा प्रश्न म्हणजे दुसऱ्यांनी आम्हाला कमी लेखणं. ते मी कधी लपवलं नाही. १८३६ साली मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालून मागितली होती, ते मी भाषणांत सांगायचे. इस्रायलमध्ये १९६२ साली लग्न लावण्याआधी आमच्या लोकांच्या आईची आई, तिची आई, अशी मागे मागे चौकशी करायचा हुकूम निघाला, तेही सांगायचे. १९६४मध्ये आमची माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, तिथल्या संसदेनं, आम्हाला पुरते ज्यू म्हटलं, हे सांगताना तर माझा आवाज चढायचा. समोरच्या टाळ्याही मोठ्या असायच्या. तेव्हा मला कुणी विचारलं नाही की मुलांना हे कशाला.

मग ठाण्याचा तो कार्यक्रम. कविता संपल्या, पोरं खाऊकडे पळाली, आणि काठी टेकत एक म्हातारी माझ्यापाशी आली. म्हणाली, "सात जोडप्यांत आम्ही कुठं गं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, आपण सगळेच त्या सातांचे, मावशी.

"ओळखलं नाहीस मला. पान तू आणून द्यायचीस."

आणि मी ओळखलं. अलिबागजवळच्या आमच्या घरी नवस फेडायला मलिदा असायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबीचं, आमच्या एलियाहू संदेष्ट्याचं, नाव घेऊन प्रार्थना व्हायची आणि मग एकाच परातीतून सगळ्यांचे हात. ही मावशी सकाळपासून नारळ सोलायला असायची. सोलायला फक्त. फोडायला आणि खवायला आजी. वाटायची वेळ झाली की मावशी मागच्या पडवीत जाऊन बसायची. आजी केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिचा वाटा काढायची आणि मला म्हणायची, "जा, देऊन ये. पान खाली ठेव, हातात देऊ नकोस."

मी सात-आठ वर्षांची असेन. पान मी तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब ठेवायचे. ती म्हणायची, "मोठी हो बाय." मला तेव्हा वाईट वाटलं होतं असं आता लिहायला फार सोपं आहे. ते खोटं होईल. मला मिरवल्यासारखं वाटायचं. चार नातवंडांत आजीनं ते काम मला दिलं होतं.

ज्यांच्या घराण्यात कधीतरी आई परजातीची आली, ते काळा इस्रायल; बाकीचे आम्ही गोरा इस्रायल. प्रार्थना एक, सण एक, पण त्यांच्याशी सोयरीक नव्हती, पंगत नव्हती. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. 'हातात देऊ नकोस' एवढ्यावर सगळं कळलं होतं.

तर मुलांना कशाला? मला तर सातव्या-आठव्या वर्षीच त्या कामाला लावलं होतं. ते पान मोठ्या माणसांपैकी कुणी उचललं नाही.

त्या रात्री घरी येऊन लिहिलं ते असं:

मलिदा एका परातीत,
माझा हात परातीत,
मावशीचा घास पानात.
आजी, असं का गं?

माझा आतला आवाज लगेच म्हणाला, शेवटची ओळ खोटी आहे, तू आजीला कधी विचारलं नाहीस. खरंच नाही विचारलं. तरी मी ती ओळ ठेवलीय. दुसरं कुठलं तरी पोर विचारेल म्हणून, असं मी स्वतःला सांगते. बरं दिसावं म्हणून ठेवली असेल का? असेलही.

आणि आजी. तिनं मला शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायला शिकवलं, वालाचं बिरडं सोलायला शिकवलं, आजारी शेजारणीच्या उशाशी रात्र रात्र बसली. ती पुस्तकात नुसती पान वाढणारी बाई होऊन राहावी हे मला सोसत नाही. लोक म्हणतात मी आजीची बदनामी केली. मी तिच्यावर आणखी तीन कविता लिहिल्यात. त्या कुणाला आठवत नाहीत.

एका फोननं मात्र मला गप्प केलं. मावशीच्या घरच्या एका सुनेचा. कविता मासिकात आली होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, आमच्या मुलांना हे माहीतच नाही. आता कोण विचारतं? तुम्ही आठवण करून दिलीत तर पुन्हा विचारतील." मी म्हटलं, मावशीनं स्वतः मला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं, मुलांना नाही."

याला माझ्यापाशी उत्तर नाही. मावशीला विचारावं तर ती आता नाही. कविता नव्या पुस्तकात घेतलीय, दोनदा काढलीही होती.

गेल्या आठवड्यात नव्या चित्रकार मुलीचा फोन आला. पडवीचं चित्र काढत होती. "आजी आणि मावशी, दोघींचे रंग सांगा. कोण गोरी, कोण काळी?"

मी डोळे मिटून आठवलं. आजी सावळी होती. मावशी तिच्याहून उजळ.

"मग बघणाऱ्या मुलांना कळणार कसं," ती म्हणाली, "पान कुणाला द्यायचं ते?"