पाठलागाची तक्रार द्यायला जाताय? एनसीवर परत येऊ नका

पाठलाग करणाऱ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात गेलेल्या कितीतरी जणी हातात एनसीचा कागद घेऊन घरी येतात. तक्रार झाली, आता पोलीस बघतील, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. पाठलाग मात्र दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्याचा तपास पोलीस अशा आदेशाशिवाय करू शकतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागू आहे, त्याआधी तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 354 ड खाली येत होता. म्हणून ठाण्यात स्पष्ट सांगा: कलम 78 खाली एफआयआर नोंदवा.

हे कलम दोन गोष्टींना लागू होतं. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुषाने पुन्हा पुन्हा मागे लागणं किंवा संपर्क साधणं, ही एक. तिच्या इंटरनेट, ईमेल वगैरेंच्या वापरावर पाळत ठेवणं, ही दुसरी. पहिल्या प्रकारात 'स्पष्ट नकार' फार महत्त्वाचा. एकच मेसेज पाठवा: 'मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. यापुढे फोन, मेसेज करू नका, माझ्या मागे येऊ नका.' त्यानंतर उत्तर देऊ नका, शिवीसुद्धा नको. नकारानंतरही बोलणं चालू राहिलं की बचावाचा वकील नेमकं तेच वाचून दाखवतो. समोर धोका असेल तर मेसेजच्या भानगडीत न पडता सरळ 112 लावा.

किळस येऊन चॅट डिलीट करणं ही सगळ्यात नुकसान करणारी गोष्ट. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण नाव बदलून तो सहज निसटतो. हे सगळं झाल्यावरच ब्लॉक करा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याचा कोड, द्यावी लागते. सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्या.

तक्रारीत काहीही गाळू नका. 'हात धरला' हे वाक्य लाजेपोटी राहून जातं आणि तिथेच केस पातळ होते. पहिल्या दोषसिद्धीपर्यंत कलम 78 जामीनपात्र आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. बळजबरीने हात धरला असेल तर कलम 74 लागू शकतं, आणि ते अजामीनपात्र आहे. धमकीसाठी 351 आहे. दुसऱ्यांदा तक्रार झाली की जामीन मिळत नाही, हा गैरसमज आहे. कलम 78 अजामीनपात्र होतं ते दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर, आणि तेव्हा शिक्षा 5 वर्षांपर्यंत जाते. थोडक्यात, तो त्याच संध्याकाळी सुटून येऊ शकतो, हे धरूनच चाला. चॅप्टर केसची, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली त्याच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र (लेखी हमी) घेण्याची, लेखी मागणी करा. घरच्यांना आणि वॉचमनला त्याचा फोटो दाखवून ठेवा.

'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कोणत्याही ठाण्याने झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसतानाही नोंदवायचा एफआयआर, घ्यायलाच हवा. तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते आणि प्रत मोफत मिळते. ऑनलाइन दिलीत तर 3 दिवसांत जाऊन सही करा. 'समज देऊन सोडतो' म्हणाले आणि एफआयआर नाकारला, तर तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवून पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीपायी अडू नका: उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा. समुपदेशन, तात्पुरता निवारा हवा असेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर सखी वन स्टॉप सेंटरची चौकशी करा.

पाठलाग करणारा नवरा किंवा एकत्र राहिलेला जोडीदार असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संपर्कबंदीचा आदेश मागता येतो. तो मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पीडित 18 वर्षांखालची मुलगी किंवा मुलगा असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 11 बघा. पुरुषांना मात्र 78 चा आधार नाही, त्यांना धमकी किंवा आयटी कायद्याची कलमं लावून घ्यावी लागतात, आणि ही उणीव मला खरोखर खटकते.

एफआयआरनंतर 90 दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवली नाही तर एफआयआर क्रमांक टाकून तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि पोच घ्या.