आठवड्यांचे यश आणि कोटींचे यश

नव्या मराठी चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत किती कोटी जमवले याचा आकडा हल्ली रविवारी रात्रीच मोबाइलवर येऊन पडतो. गेल्या महिन्यात असाच एक आकडा वाचून माझ्या भाच्याने विचारले की, जुन्या चित्रपटांनी इतके कधी कमावले होते का. शेजारी माझे थोरले काका बसले होते. पुण्यातल्या एका चित्रपटगृहात त्यांनी एकवीस वर्षे तिकीटखिडकी सांभाळली. ते काही बोलले नाहीत. आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून एक जुनी वही घेऊन आले.

त्या वहीत डीसीआरच्या, म्हणजे प्रत्येक खेळाच्या विक्रीच्या तक्त्यांच्या, काही कार्बनप्रती घडी घालून ठेवलेल्या आहेत. निळी शाई आता जांभळट झाली आहे. प्रत्येक वर्गासमोर पहिल्या तिकिटाचा क्रमांक, शेवटच्या तिकिटाचा क्रमांक, विकली गेलेली तिकिटे, करमणूक कर आणि उरलेली रक्कम असे रकाने आहेत. काकांनी उघडलेल्या तक्त्याच्या कोपऱ्यात ‘आठवडा ११ वा, मंगळवार, रात्र’ असे लिहिलेले आहे आणि बाल्कनीसमोर ८७ हा आकडा आहे. रकमेकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्या ८७ वर बोट ठेवून ते भाच्याला म्हणाले, “शुक्रवारी कोणीही येतो रे. अकराव्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री कोण येतं ते बघ.”

त्या काळाचे माप आठवडा हेच होते. पंचवीस आठवड्यांना रौप्यमहोत्सव, पन्नास आठवड्यांना सुवर्णमहोत्सव, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत चित्रपटाच्या नावापेक्षा आठवड्याचा आकडा ठळक. पुण्याच्या बाबतीत या मापाचे सर्वांत मोठे उदाहरण १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’चे आहे. अनंत माने यांचा हा तमाशापट विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षे चालला. हा आकडा आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्याचा अर्थ काय होतो याचा हिशेब कोणी करत नाही. सहाशे खुर्च्यांचे कोणतेही चित्रपटगृह घ्या, ते सरासरी अर्धेच भरले असे धरा आणि दिवसाला एकच खेळ धरा. तरी ९१७ खेळ होतात आणि पावणेतीन लाख तिकिटे विकली जातात. दिवसाला तीन खेळ धरले तर हीच संख्या सव्वाआठ लाखांवर जाते. १९६१ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या होती सुमारे सहा लाख. अर्थात माणसे पुन्हा पुन्हा येत होती आणि आसपासच्या गावांतूनही येत होती, पण एका पडद्यावर एका चित्रपटाला एवढी माणसे मिळणे ही गोष्ट रुपयांत सांगताच येत नाही.

त्यामागे कारणे होती आणि ती मान्य केली पाहिजेत. पुण्यात दूरदर्शन आले ते १९७३ साली. आवडलेला चित्रपट पुन्हा पाहायचा तर चित्रपटगृहात जाण्यावाचून मार्ग नव्हता. प्रिंट महाग असल्यामुळे मोजक्याच काढल्या जात आणि एक प्रिंट एका शहरात ठाण मांडून बसे, तेव्हा गर्दीही तिथेच साचत राही. शिवाय सगळेच महोत्सव खरे नव्हते. पंचविसावा आठवडा गाठण्यासाठी निर्मातेच पदरचे भाडे भरून चित्रपट ओढत नेत, हे काकांनीही पाहिलेले आहे. म्हणून आठवड्यांचे माप निर्दोष होते असे मी म्हणणार नाही.

आजचे माप समजून घ्यायचे तर एका तिकिटाचे काय होते ते पाहावे. २५० रुपयांच्या तिकिटातले सुमारे ३८ रुपये जीएसटीत जातात. बातमीत बहुतेकदा येतो तो या करासकटचा आकडा. उरलेले २१२ रुपये चित्रपटगृह आणि वितरक वाटून घेतात. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात २००९ साली मोठा संप झाला आणि त्यानंतरच्या करारात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. अशी उतरती वाटणी असेल तर वितरक चौथ्या आठवड्याची वाट का पाहील? प्रिंटची जागा डिजिटल प्रतीने घेतल्यावर एकाच शुक्रवारी शेकडो पडदे व्यापणे सोपे झाले, आणि जी गर्दी पूर्वी वर्षभर एका दारातून आत जात होती ती आता दहा दिवसांत शंभर दारांतून जाते. चित्रपट लवकर उतरतो तो नेहमी नावडला म्हणूनच उतरतो असे नाही.

नव्या यशाला मी मुळीच कमी लेखत नाही. २०१६ च्या ‘सैराट’ने सुमारे ११० कोटींचा गल्ला जमवला, आणि शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. तिकीट सरासरी शंभर रुपयांचे धरले तर ही एक कोटी दहा लाख तिकिटे होतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास, म्हणजे दर दहा माणसांमागे एक तिकीट. तिकिटांत मांडल्यावरच हे यश ‘सांगत्ये ऐका’च्या शेजारी बसवता येते आणि तिथे ते जराही लहान दिसत नाही. २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’चा दुसरा शनिवार-रविवार तर पहिल्यापेक्षा मोठा गेला. शाळेतल्या मैत्रिणी, भिशीतल्या बायका, सासू-सुना घोळक्याने येत होत्या, आणि पाहून गेलेली बाई पुढच्या चौघींना पाठवत होती. काकांच्या वहीतले यश हे असेच होते.

मला मनापासून वाटते की मराठी निर्मात्यांनी कोटींबरोबर विकलेल्या तिकिटांची संख्याही जाहीर करावी. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात चित्रपटाचे यश तिकिटांच्या संख्येवरच सांगितले जाते. रुपयाची किंमत दर दशकात बदलते. १९५९ साली दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आसपास मिळत होते. एक खुर्ची मात्र तेव्हाही एकाच माणसाची होती. आपल्याकडे आता बहुतेक तिकिटे संगणकावर निघतात, त्यामुळे आकडा मिळत नाही अशी सबबही उरलेली नाही.

मागच्या मंगळवारी मी काकांना एका मल्टिप्लेक्समध्ये रात्रीच्या खेळाला नेले. मराठी चित्रपटाचा तिसरा आठवडा होता. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, मागे वळले आणि ओळीओळीने बोट फिरवत मोजू लागले. दोन ओळी त्यांनी पुन्हा मोजल्या. “एकसष्ट,” ते म्हणाले, आणि माझ्याकडून पेन मागून घेऊन तो आकडा त्यांनी पॉपकॉर्नच्या बिलामागे तारीख आणि आठवड्यासह लिहून ठेवला.