एका गाण्याचं चार्टिंग: स्टेमपासून पिअर रिव्ह्यूपर्यंत

रॉक बँडसारख्या संगीताच्या व्हिडिओ गेममध्ये प्लास्टिकचा गिटार कंट्रोलर असतो आणि त्यावर पाच रंगीत बटणं असतात. खऱ्या गिटारवर सहा तारा आणि बोट ठेवायला शंभराहून जास्त जागा. गाणं त्या पाच बटणांत बसवायचं आणि तरीही वाजवणाऱ्याला ‘हे मी वाजवतोय’ असं वाटलं पाहिजे, हे चार्टिंगचं काम. मी ते चार माणसांच्या एका छोट्या स्टुडिओत शिकले आणि माझ्या हातून पूर्ण झालेलं पहिलं गाणं रॉक बँड नेटवर्कवर गेलं. त्या गाण्याचा प्रवास सांगते.

रॉक बँड गेम बनवणाऱ्या हार्मोनिक्स कंपनीने हे नेटवर्क मार्च 2010 मध्ये सुरू केलं. त्याआधी गेममध्ये कुठलं गाणं घ्यायचं हे कंपनी ठरवायची. आता ज्याच्याकडे हक्क आहेत तो कुठलाही बँड स्वतःचं गाणं तयार करून एक्सबॉक्स 360 वर विकू शकत होता. पण बँडमधल्या मंडळींना मिडीच्या (कुठली नोट केव्हा, याची नोंद ठेवणाऱ्या फाइलच्या) नोट्स एकेक करून मांडायला ना वेळ होता ना ते तंत्र अवगत होतं. म्हणूनच आमच्यासारखे छोटे स्टुडिओ उभे राहिले.

आधी कागदपत्रं. गाण्याचे हक्क दोन असतात: रचनेचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. दोन्ही हातात नसतील तर गाणं पुढे सरकत नाही. आमच्या बँडला दुसऱ्या कुणाच्या गाण्याचं कव्हर द्यायचं होतं, पण त्याच्या प्रकाशकाकडून होकार येईना. मग त्यांनी स्वतःचंच एक वेगवान गाणं निवडलं आणि तो विषय मिटला.

खरी दमछाक स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक, गोळा करताना झाली. गेममध्ये गिटारची नोट चुकली की गिटारचा आवाज बंद होतो आणि बाकी बँड वाजत राहतो. त्यासाठी ड्रम, बेस, गिटार, गायन आणि उरलेली साथ यांच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइल्स लागतात, सगळ्या सारख्या लांबीच्या. पहिल्या गिटार हीरो गेममधली (2005) बहुतेक गाणी तर मूळ रेकॉर्डिंग न वापरता वेव्हग्रुप साउंडने पुन्हा वाजवून घेतली होती. आमच्या बँडने ज्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं त्यांनी फक्त अंतिम मिक्स जपून ठेवलं होतं. सुदैवाने ड्रमरच्या जुन्या हार्ड डिस्कवर सुटे ट्रॅक सापडले. कुठल्याही बँडला मी आजही हेच सांगते: मिक्स झालं की सुटे ट्रॅक त्याच दिवशी मागून घ्या.

मग टेम्पो मॅप, म्हणजे गाण्याची लय कुठे किती याचा नकाशा. रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ टाकायचा आणि प्रत्येक मेझरची (ठोक्यांच्या एका आवर्तनाची) रेघ ड्रमच्या खऱ्या ठोक्यावर आणून बसवायची. सुरुवातीचे दोन मेझर रिकामे सोडून गाणं तिसऱ्यापासून सुरू करायचं. आमच्या ड्रमरने कानात क्लिक (ठोक्याची टिकटिक) न लावता वाजवलं होतं, त्यामुळे कोरस आला की लय चढायची आणि कडव्यात पुन्हा खाली यायची. तिला सरळ करायचा मोह आवरावा लागतो, कारण त्या चढण्यातच गाण्याचा जोर आहे. ग्रिडने माणसाच्या मागे जायचं, माणसाने ग्रिडच्या नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे झालेली हयगय पुढच्या प्रत्येक नोटेत दिसते.

सगळ्यात अवघड एक्सपर्ट पातळी मांडायला त्या मानाने सोपी, कारण तिथे वाजलंय ते मांडायचं असतं. मिडीच्या 96 ते 100 या नोट्स म्हणजे पाच रंग. एका क्वार्टर नोटेचे, म्हणजे एका ठोक्याचे, 480 टिक्स (वेळेचे बारीक तुकडे) असतात. आधीच्या नोटेपासून साधारण 170 टिक्सच्या आत वेगळा रंग आला की गेम तिला आपोआप हॅमर-ऑन करतो, म्हणजे स्ट्रम न करता (कंट्रोलरची पट्टी न हलवता) नुसतं बटण दाबून ती वाजते. सोळाव्या नोट्स 120 टिक्सवर येतात, त्या यात बसतात. आठव्या 240 वर, त्या बसत नाहीत. पण गिटारवादकाने सोळाव्या नोट्ससुद्धा एकेक तार छेडत वाजवल्या असतील तर हॅमर-ऑन हाताने बंद करावा लागतो. त्यासाठी उजव्या हाताचा आवाज ऐकायचा. तार छेडली की सुरुवातीला एक बारीक खरखर येते. ती आहे की नाही हे हेडफोन लावून नोटेगणिक तपासलं.

यानंतर हार्ड, मीडियम आणि ईझी या सोप्या होत जाणाऱ्या पातळ्या. माझ्या मते चार्टरचं कसब इथेच कळतं, आणि नेमकं हेच काम बरेच जण शेवटच्या दिवशी घाईत उरकतात. ईझी वाजवणारा बहुधा पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेत असतो. त्याला रटाळ चार्ट मिळाला तर तो गाण्यालाच रटाळ समजेल.

आमच्या कडव्याची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, अशी होती: पहिल्या ठोक्यावर हिरवं, लगेच मधल्या अर्ध्यावर पुन्हा हिरवं, दुसऱ्यावर पिवळं, आणि तिसऱ्या ठोक्याच्या अर्धा ठोका आधीच निळं, जे लांबवलेलं आहे. मग हिरवं, पिवळं, लाल. सगळी गंमत त्या आधीच येणाऱ्या निळ्यात. नेहमीची रीत म्हणजे ईझीत फक्त ठोक्यावरच्या नोट्स ठेवायच्या. तसं केलं तर निळं गळतं आणि रिफ ओळखूच येत नाही. निळं सरकवून तिसऱ्या ठोक्यावर आणलं तर तिथे ऑडिओत तार छेडलेलीच नाही. वाजवणारा स्ट्रम करणार आणि नवं काहीच ऐकू येणार नाही. ते तर मला अजिबात पटत नाही.

आमच्या सीनियर चार्टरने हेडफोन काढायला लावले आणि म्हणाला, “रिफ गुणगुणून दाखव. तोंडात जे राहील ते ईझीत ठेव.” गुणगुणताना दोनच सूर राहिले: पहिला आणि तो आधी येणारा. मग ईझीत एवढंच ठेवलं, पहिल्या ठोक्यावर हिरवं आणि नेमक्या मूळ जागी लांब पिवळं, कारण ईझीत आम्ही बोटं पहिल्या तीन बटणांवरच ठेवत होतो. दोन्हींच्या आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. हात नवखा असला तरी पुढची नोट दिसायला वेळ मिळतो आणि रिफ रिफसारखी वाजते.

ड्रमला हातापायांचा हिशेब ठेवावा लागतो: एका क्षणी दोनच हात आणि एक पाय. रेकॉर्डिंगमध्ये झांज दोनदा ओव्हरडब केलेली असेल तर एक सोडावीच लागते. डबल पेडलची गाणी असली की काही स्टुडिओ दोन पेडलची आवृत्ती वेगळी काढत. आमच्या गाण्याला ती गरज पडली नाही.

गायनात प्रत्येक अक्षराला सूर. शब्द तुटतो तिथे जोडरेघ, एकाच अक्षरावर सूर घसरला तर अधिकचं चिन्ह, नुसतं बोललेलं असेल तर हॅशचं चिन्ह. गायिका एका ओळीचं शेवटचं अक्षर वरून खाली ओढत नेते. ते दोन तुकड्यांत मांडलं तर पडद्यावर पायरी दिसत होती; खालचा सूर थोडा उशिरा सुरू केल्यावर ती ओढ नीट उतरली.

ओव्हरड्राइव्हच्या जागा, म्हणजे जिथल्या नोट्स न चुकता वाजवल्या की गुण वाढवायची ताकद जमा होते, त्या ठरवणं मला मनापासून आवडतं. गिटार, बेस आणि ड्रमला एकाच ठिकाणी दिल्या की तिघांनी मिळून त्या पूर्ण केल्यावर बोनस मिळतो. मी त्या कोरसच्या आधी ठेवल्या, म्हणजे कोरस सुरू होताना सगळ्यांकडे काहीतरी जमा असतं.

शेवटी मॅग्मा नावाच्या प्रोग्रॅममधून गाण्याचं पॅकेज बनायचं. ते ऑडिशन मोडमध्ये प्रत्यक्ष गेमवर वाजवून पाहायचं. टीव्हीचं कॅलिब्रेशन आधी करून घ्यायचं, नाहीतर टीव्हीच्या विलंबाचा दोष चार्टला लागतो. त्यानंतर प्लेटेस्ट आणि पिअर रिव्ह्यू. तपासणारे म्हणजे आपल्यासारखेच इतर चार्टर. प्लेटेस्टमध्ये एकाने ईझीतल्या त्या पिवळ्या नोटेवर बोट ठेवलं: नवख्याला ठोक्याबाहेरची नोट जड जाईल. आणखी दोघांनी वाजवून पाहिलं आणि ती राहू दे म्हणाले. मी मोकळ्या जागेचं कारण लिहून कळवलं आणि नोट होती तशीच ठेवली. रिव्ह्यूत गाणं पास झालं आणि एक्सबॉक्सच्या 160 पॉइंट्सला, म्हणजे दोन डॉलरला, विक्रीला लागलं. विक्रीतले 30 टक्के निर्मात्यांच्या वाट्याला येत. ते बँड आणि स्टुडिओ यांच्यात आधी ठरल्याप्रमाणे वाटले गेले.

ते नेटवर्क आता बंद आहे. मिडीची मांडणी मात्र टिकली. बँडच्या परवानगीने ती जुनी फाइल मी नुकतीच क्लोन हीरो या तशाच गेममध्ये टाकली. गिटार, बेस आणि ड्रम तिन्ही चालले. तिथे शब्द दिसतात, पण गाता येत नाही. त्यामुळे गायन तपासायला ती आता यार्ग या दुसऱ्या गेममध्ये उघडणार आहे.