एका स्वल्पविरामासाठी पाच हेलपाटे

वाटणीपत्र नोंदवायला आम्हाला एक दिवस लागला. त्यात राहून गेलेला एक स्वल्पविराम दुरुस्त करायला अडीच महिने लागले. राग अजून पुरता गेलेला नाही, पण पुढे कुणाचं तरी काम अडू नये म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, द्राक्षाच्या पट्ट्यातलं. तालुका कुठला, कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. आबा म्हणजे माझे वडील आणि अण्णा म्हणजे धाकटे चुलते. जमीन दोघांच्या नावावर होती, ती जूनमध्ये त्यांनी राजीखुशीने वाटून घेतली. मुद्रांक, फोटो, अंगठे, साक्षीदार सगळं दुपारी तीनपर्यंत उरकलं.

अडकलं ते विहिरीवर. दस्तातलं सहावं कलम असं होतं:

"सदर गटातील विहीर व त्यावरील विद्युत मोटर यात नं. १ व नं. २ यांच्या मुलांचा समान हिस्सा राहील."

नं. १ आबा, नं. २ अण्णा. ठरलं होतं ते असं, की निम्मी विहीर आबांची आणि निम्मी अण्णांच्या दोन मुलांची. अण्णा गुडघ्यांनी जेरीस आलेत, शेती पोरंच बघतात. दस्तलेखकासमोर अण्णा बोलले ते वाक्य मला स्वच्छ आठवतं: "दादाचा आन् माझ्या पोरांचा समान हिस्सा लिव्हा." यात शंकेला जागाच नाही. दादाचा एक, पोरांचा एक. दस्तलेखकाने 'दादा'चं 'नं. १' केलं, 'माझ्या'चं 'नं. २ यांच्या' केलं आणि 'दादाचा' मधला 'चा' गळून पडला. घात तिथे झाला. निदान 'नं. १' पुढे एक स्वल्पविराम असता तरी दोघं वेगळे दिसले असते. आता तो 'यांच्या' एकट्या अण्णांचा की दोघांचा, हे वाक्यावरून कळायला मार्गच उरला नाही.

दोघांचा धरला तर आबा विहिरीतून बाहेर. मग हिस्सेदार उरतो तो मी आणि अण्णांची दोन मुलं, तिघांना समान. म्हणजे आमच्या घराकडे एक तृतीयांश आणि अण्णांच्या घराकडे दोन तृतीयांश. उन्हाळ्यात बाग जगवायची असेल तर या फरकाचा अर्थ काय, ते द्राक्षवाल्याला सांगायला नको.

तलाठ्यांनी फेरफार धरला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले. हरकत कुणाचीच नव्हती. तरी मंडळ अधिकाऱ्यांनी विहिरीपुरती नोंद थांबवली. "दोन अर्थ निघतात, दुरुस्ती दस्त करून आणा," म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी डोळे झाकून एक तृतीयांश लावला असता तर आम्हाला कळायलाही वर्ष गेलं असतं.

मग सुरू झालं निबंधक कार्यालय.

पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने मसुदा वाचला आणि मान हलवली. "पावणं, ही दुरुस्ती न्हवं. तुमचा हिस्सा एक तृतीयांशावरनं निम्म्यावर चाललाय. हिस्सा बदलला की नवा दस्त, नवी ड्युटी." मी म्हणालो, हिस्सा पहिल्यापासून निम्माच होता, लिहिण्यात चुकलंय. ते म्हणाले, कागदावर तसं दिसत नाही. पण कागदावर एक तृतीयांश तरी कुठे होता? तो त्यांनी स्वतः एक अर्थ धरून काढला होता, आणि त्याच अर्थावर आम्हाला परत पाठवलं. ही गोष्ट मला अजून सलते. वाक्य दुहेरी आहे म्हणूनच तर आम्ही दुरुस्तीला आलो होतो.

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद, साडेपाचपर्यंत बाकावर. दर खेपेला अण्णांना गाडीत घालून न्यायचं, कारण सही आणि अंगठा त्यांचाही हवा. फळछाटणी झालेली, डावण्या रोगाच्या भीतीने सकाळ-संध्याकाळ फवारणी चाललेली, आणि घरातली चार कर्ती माणसं एका बाकावर. तिसऱ्या दिवशी परतताना धाकटा चुलतभाऊ गाडीत हळूच म्हणाला, "दाद्या, लोकं म्हणत्यात कागदाप्रमाणं आमचं दोन वाटं हाईत." अण्णा पुढच्या सीटवर होते. ते मागे वळलेही नाहीत. "कागदाप्रमाणं न्हाई, माझ्या जिभेप्रमाणं वाटणी झालीया," एवढंच बोलले. पुढे गावापर्यंत गाडीत कुणी शब्द काढला नाही. मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली. विहीर गेली तर बोअर मारता येतं, भावकी फाटली तर काय करायचं?

मग सांगलीला विश्रामबागेत ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. हे आधी करायला हवं होतं. त्यांनी कलम सहा दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा आमच्या विरुद्ध जाणारंच सांगितलं. औषधांच्या कायद्यातल्या कलम २७ मध्ये बनवणे, विकणे, साठवणे, विक्रीसाठी मांडणे असे शब्द ओळीने येतात. मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, १९७९ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने बघितलं की इंग्रजी मजकुरात 'साठवणे' या शब्दानंतर स्वल्पविराम नाही. म्हणून 'साठवणे किंवा विक्रीसाठी मांडणे' हा एकच अखंड तुकडा धरला, आणि नुसता साठा गुन्हा ठरला नाही, तो विक्रीसाठी असायला हवा. "त्याच चालीने तुमच्याही वाक्यात स्वल्पविराम नाही म्हणून 'नं. १ व नं. २' अखंड, असं कुणीही म्हणेल," वकीलसाहेब म्हणाले. माझं तोंड उतरलं.

मग दुसरी बाजू. १९५२ साली अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलंय की अर्थ लावताना विरामचिन्ह ही दुय्यम गोष्ट आहे. एका न्यायमूर्तींनी त्यातच हेही म्हटलं, की चिन्हं काळजीपूर्वक दिलेली असतील आणि अर्थाची शंका असेल, तर चिन्हांना वजन द्यावं. आमच्या दस्तात चिन्हं काळजीपूर्वक नव्हतीच, चतुःसीमेत पूर्णविरामाच्या जागी आडव्या रेघा होत्या. "एका ओळीवर भांडू नका. दस्त सगळा मिळून वाचायचा असतो. बाकीची कलमं काय म्हणतात ते बघा," ते म्हणाले.

बघितलं, आणि नववं कलम सापडलं: "विहिरीचा गाळ काढणे, बांधकाम दुरुस्ती व वीजबिल यांचा खर्च नं. १ यांनी निम्मा व नं. २ यांच्या दोन्ही मुलांनी मिळून निम्मा सोसावा." विहिरीत हिस्साच नसेल तर आबा निम्मा खर्च कशासाठी सोसतील? शिवाय अण्णांची मुलं दस्तात नं. ३ आणि नं. ४ म्हणून सहीला होती, माझं नाव सबंध दस्तात कुठेच नव्हतं. ज्याची सही नाही, नाव नाही, त्याला वाटणीत विहीर कशी मिळेल? हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. चार महिने दस्त घरात होता आणि मी सहाव्या कलमापलीकडे वाचलाच नव्हता.

वकीलसाहेबांनी दुरुस्ती दस्ताचा मसुदा नव्याने केला. त्यात आधी लिहिलं की मूळ दस्ताच्या कलम नऊवरून पक्षकारांचा हेतू स्पष्ट आहे, या दुरुस्तीने कुणाचाही हिस्सा वाढत वा कमी होत नाही, फक्त वाक्यरचना स्पष्ट होते. मग नवीन वाक्य: "विहिरीत व मोटरीत नं. १ यांचा १/२ (निम्मा) हिस्सा राहील. नं. ३ व नं. ४ या दोघांचा मिळून १/२ (निम्मा) हिस्सा राहील." दोन वाक्यं, प्रत्येकाला स्वतःचा 'यांचा'. स्वल्पविरामाची गरजच उरली नाही.

चौथ्या खेपेला साहेबांना थेट भेटलो, दोन्ही कलमांवर पेन्सिलने खुणा करून. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" दाखवायचं कुणाला? खिडकीच्या पुढे आम्हाला कुणी जाऊच दिलं नव्हतं. पाचव्या खेपेला दस्त नोंदला गेला.

सुचेल तसं सांगतो. दस्त नोंदवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि वाचणारा दस्तलेखक नको, घरचा असू दे. अण्णांनी ऐकलं असतं तर तिथेच अडवलं असतं. तेव्हा लक्षात आलं तर पेनाने दुरुस्त करून त्या जागी पक्षकारांनी सह्या केल्या तरी चालतं, १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम २० तेवढ्यासाठीच आहे. नोंदल्यानंतर मात्र पेन लावायचं नाही. अनुस्वार बोट ठेवून तपासा. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यात एका टिंबाने हिस्सेदार बदलतात. आणि मराठीत आदरार्थी बहुवचन आहे हे विसरू नका, नुसतं 'त्यांचा हिस्सा' लिहिलं तर एकटे आबा की चौघं, हे परक्या माणसाला कळत नाही. नाव किंवा नंबर प्रत्येक वेळी लिहा. हिस्सा अपूर्णांकात आणि अक्षरी, दोन्ही.

आमच्या पणजोबांचा एक मोडीतला कागद आहे. मोडीत शब्द सुटे लिहायची रीत नव्हती आणि चिन्हंही नव्हती, मराठीला ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यामुळे लागली. तरी त्या कागदावरून आमच्यात कधी भांडण झालं नाही, कारण त्यात 'आठ आणे', म्हणजे निम्मा, असं सरळ लिहिलंय.

आमच्याकडे सगळे सहीला तयार होते म्हणून पाच खेपांत भागलं. एक जरी अडून बसला असता तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २६ खाली दिवाणी कोर्टात दस्त दुरुस्तीचा दावा लावावा लागला असता, असं वकीलसाहेब म्हणाले. तेव्हा नातं गोड आहे तोवरच दुरुस्ती करून घ्या.

दुरुस्ती दस्तात मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख घालायला विसरू नका, आणि तलाठ्यांकडे जाताना दोन्ही दस्तांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) न्या. आम्ही एकच नेली होती, त्यात आणखी एक दिवस गेला.

डिसेंबरात सातबाऱ्याच्या इतर हक्कात आबांच्या नावापुढे विहीर १/२ हिस्सा लागला. उतारा घेऊन आधी अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली आणि धाकट्याला हाक मारून त्याच्या हातात दिली.