शेवटचा हप्ता कागदपत्रांवर अडवा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यासाठी बाहेरून सॉफ्टवेअर करून घेताना कागदपत्रांचा, म्हणजे सिस्टिम कशी चालते ते लिहून देण्याचा, विषय बहुधा काम संपल्यावर निघतो. तोवर व्हेंडरचा प्रोग्रामर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येच कागदपत्रांची वेगळी ओळ टाका आणि 15-20 टक्के रक्कम त्यांवर अडवून ठेवा.

स्क्रीनशॉट चिकटवलेलं जाडजूड मॅन्युअल सगळेच देतात, उघडतं कोण? खरं हवं ते डेटाबेसमधल्या टेबलांचं वर्णन: स्टेटसमध्ये 4 म्हणजे माल गेटबाहेर गेला की बिल रद्द झालं, हे लिहिलेलं हवं. सोबत सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम), रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची यादी आणि सर्व्हरचे पासवर्ड. डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, तेही बघा.

तपासायचं असं: कोऱ्या मशीनवर तुमच्याच माणसाने फक्त तो कागद वाचून सिस्टिम उभी करावी, कालचा बॅकअप चढवावा, एक चलन काढावं. मध्येच व्हेंडरला फोन लावावा लागला, तर तेवढी पायरी कागदात राहिली आहे, लिहून घ्या.

कोडची मालकी मात्र पैसे दिले म्हणून आपोआप मिळत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सही केलेलं लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांपुरतंच धरलं जातं.